उतरलेली बॅटरी आणि गेलेली बॅटरी: गाडीची बॅटरी बदलण्याची वेळ कशी ओळखावी

सकाळी किल्ली फिरवावी, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागावेत आणि इंजिनाच्या नेहमीच्या आवाजाऐवजी बॉनेटखालून नुसती टक्-टक्-टक् ऐकू यावी, म्हणजे बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघते: बॅटरी गेली. हा निष्कर्ष पुष्कळदा बरोबर असतो. परंतु अनेकदा तो घाईचा असतो, आणि त्या घाईपायी चांगली बॅटरी काढून टाकली जाते, खरा दोष गाडीत तसाच राहतो आणि महिन्याभरात नव्या बॅटरीचीही तीच गत होते. याच्या उलटही घडते. खरोखर थकलेली बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करून ओढत नेली जाते आणि गाडी नेमकी आडरानात बंद पडते.

हा गोंधळ टाळण्यासाठी लागणारा फरक आपल्या रोजच्या बोलण्यात आधीपासूनच आहे. बॅटरी ‘उतरते’ आणि बॅटरी ‘जाते’, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरलेली बॅटरी रिकाम्या रांजणासारखी असते. पाणी भरले की तो पुन्हा पूर्वीइतकाच उपयोगी पडतो. गेलेली बॅटरी म्हणजे तळापासून गाळाने भरत आलेला रांजण. त्यात पाणी ओतले तर पातळी लगेच काठापर्यंत येते आणि वरून पाहणाऱ्याला तो भरलेला दिसतो, पण चार तांबे काढले की तळ लागतो. बॅटरीचे व्होल्टेज ही या रांजणातली पातळी आहे. ती पातळी किती हे सांगते. खाली गाळ किती साचला आहे हे सांगत नाही. बॅटरी बदलायची की नाही हा प्रश्न मुळात गाळाचा आहे.

हा गाळ म्हणजे काय, हे कळण्यासाठी बॅटरीच्या आत डोकावावे लागेल. गाड्यांत सर्रास वापरली जाणारी शिसे आणि आम्ल यांची बॅटरी फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये तयार केली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल ओळीने जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज असताना प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या आणि लेड डायऑक्साइडच्या प्लेट्स पाणी मिसळलेल्या सल्फ्युरिक अॅसिडमध्ये बुडालेल्या असतात. वीज बाहेर जाऊ लागली की दोन्ही प्रकारच्या प्लेट्सवर लेड सल्फेट तयार होते आणि अॅसिड पातळ होत जाते. चार्जिंग करताना हीच क्रिया उलट होते. म्हणूनच जुन्या पद्धतीच्या, झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत अॅसिडची घनता मोजून चार्ज किती आहे हे सांगता येते: पूर्ण चार्ज असताना विशिष्ट गुरुत्व १.२६५ ते १.२८ च्या आसपास असते आणि पूर्ण उतरल्यावर ते १.१२ च्या जवळ येते.

प्लेट्सवर जमलेले लेड सल्फेट ताजे असताना बारीक कणांचे असते आणि चार्जिंगमध्ये विरघळून जाते. परंतु बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत अनेक आठवडे पडून राहिली की हे कण मोठे आणि कठीण होतात. मग चार्जर लावला तरी ते पूर्णपणे विरघळत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. दुसरीकडे, धन प्लेटची शिशाची जाळी हळूहळू गंजत जाते, तिच्यावर लिंपलेला क्रियाशील पदार्थ सुटून खाली पडतो आणि पाणी आटत जाते. रांजणातला गाळ तो हाच. त्याचे दोन परिणाम होतात: बॅटरीत मावणारी वीज कमी होते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज बाहेर येताना आतूनच होणारी अडवणूक, वाढत जातो.

उष्णतेमुळे हा ऱ्हास वेगाने होतो. थंडीत बॅटरी बंद पडते म्हणून आपण थंडीला दोष देतो, पण जाळी गंजण्याचे आणि पाणी आटण्याचे काम उन्हाळ्यात आणि तापलेल्या इंजिनाच्या शेजारी झालेले असते. थंडीत इंजिनातले तेल घट्ट होते, ते फिरवायला जास्त जोर लागतो आणि त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. त्यामुळे आधीच झालेले नुकसान तेव्हा उघडे पडते.

आता अंतर्गत रोधाला एवढे महत्त्व का द्यायचे, ते आकड्यांत पाहू. इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, जिला गॅरेजच्या भाषेत ‘सेल्फ’ म्हणतात, ती पेट्रोल गाडीत साधारण १५० ते ३०० अँपिअर प्रवाह ओढते आणि डिझेल गाडीत त्याहूनही अधिक. साध्या बल्बचे दोन्ही हेडलाइट मिळून जेमतेम १० अँपिअर घेतात. म्हणून ‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. समजा सेल्फला २०० अँपिअर लागतात आणि बॅटरीचा अंतर्गत रोध १० मिलिओहम आहे. तर तेवढ्या प्रवाहात २ व्होल्ट आतच खर्च होतात आणि १२.६ व्होल्टची बॅटरी बाहेर १०.६ व्होल्ट देते. हाच रोध २० मिलिओहम झाला तर ४ व्होल्ट आत जिरतात आणि बाहेर ८.६ व्होल्टच उरतात. तेवढ्यावर इंजिन धड फिरत नाही. व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावला तर गाडी उभी असताना दोन्ही बॅटऱ्या १२.६ व्होल्टच दाखवतात.

त्या टक्-टक् आवाजाचे कारणही हेच आहे. किल्ली फिरवताच सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा खटका, विजेने ओढला जातो आणि मोटर बॅटरीला जोडली जाते. मोटरने प्रवाह ओढताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो. तो सुटताच भार नाहीसा होऊन व्होल्टेज वर येते आणि सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. सेकंदात कित्येक वेळा हा खेळ चालतो. यावरून सेल्फपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नाही एवढेच सिद्ध होते. बॅटरी उतरली आहे, गेली आहे की टर्मिनल सैल आहे, हे अजून ठरायचे असते.

जाणाऱ्या बॅटरीची पूर्वसूचना देणारे सर्वांत विश्वासार्ह लक्षण कानाने ओळखायचे असते. इंजिन पकडण्याआधीचे जे दोन-चार फेरे असतात त्यांची लय मंदावते, आवाज ओढल्यासारखा, दमल्यासारखा येऊ लागतो. रोज तीच गाडी चालवणाऱ्याला हा बदल जाणवत नाही, कारण तो महिनोन्‌महिने थोडाथोडा होत असतो. बाहेरून आलेल्या माणसाला तो लगेच ऐकू येतो. म्हणून बॅटरी नवी असताना एकदा पहाटेच्या पहिल्या स्टार्टचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा, असे मी सर्वांना आग्रहाने सांगतो. मात्र आजच्या इंधन इंजेक्शनच्या गाड्या या बाबतीत थोड्या फसव्या आहेत. त्यांचे इंजिन निरोगी असेल तर एक-दोन फेऱ्यांतच पकडते, त्यामुळे अशक्त बॅटरीसुद्धा बराच काळ वेळ मारून नेते आणि मग एके दिवशी, कुठलीही सूचना न देता, गाडी बंद राहते.

अशा गाड्यांत इतर लहान खुणांकडे लक्ष द्यावे लागते. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू करणारी यंत्रणा असलेल्या गाडीत ती यंत्रणा काम करेनाशी होणे ही त्यांतली फार उपयोगी खूण आहे, कारण बॅटरीत पुन्हा स्टार्ट करण्याइतका जोर नाही असे गाडीच्या संगणकाला वाटले की तो इंजिन बंद करण्याचे टाळतो. अर्थात इंजिन पुरेसे तापलेले नसणे किंवा वातानुकूलनाचा भार असणे ही कारणेही त्यामागे असू शकतात. स्टार्ट करताना घड्याळ शून्यावर जाणे, रेडिओ नव्याने सुरू होणे, डॅशबोर्डवर एकमेकांशी संबंध नसलेले इशारे क्षणभर झळकणे, या खुणाही व्होल्टेज कोसळत असल्याच्या आहेत. डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा मात्र वेगळ्या कारणाने लागतो. इंजिन चालू असताना तो पेटला तर बहुधा चार्जिंग होत नाही, म्हणजे दोष इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा, त्याच्या बेल्टचा किंवा वायरिंगचा आहे. तो दिवा पाहून थेट बॅटरी बदलणे ही नेहमी होणारी चूक आहे.

खात्री करून घेण्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी. नुकतीच चालवलेल्या गाडीच्या बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा खोटा चढलेला दिसतो. सकाळी मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवून लाल टोक धन टर्मिनलच्या शिशाच्या खांबाला आणि काळे टोक ऋण खांबाला टेकवावे. वायरच्या क्लॅम्पला नव्हे, कारण आपल्याला बॅटरी तपासायची आहे, जोड नव्हे. दार उघडताच जागे झालेले संगणक पुन्हा शांत होईपर्यंत काही मिनिटे थांबावे. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मा आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. एजीएम प्रकारच्या, म्हणजे अॅसिड काचतंतूंच्या गादीत शोषून ठेवलेल्या, बॅटरीत हे आकडे किंचित वर असतात आणि पूर्ण चार्जला १२.८ च्या आसपास दिसतात. एक आकडा मात्र मुद्दाम लक्षात ठेवावा, तो १०.५ चा. चार्जिंग करूनही बॅटरी १०.५ च्या जवळपास अडकून राहत असेल, तर सहापैकी एक सेल आतून शॉर्ट झाला आहे असे समजावे; पाच सेल गुणिले २.१ व्होल्ट म्हणजे बरोबर १०.५. अशी बॅटरी दुरुस्त होत नाही.

ही झाली पातळी. आता गाळ मोजायचा. मीटर तसाच धरून दुसऱ्या व्यक्तीला गाडी स्टार्ट करायला सांगावी आणि नजर आकड्यावरून हलू देऊ नये. निरोगी बॅटरीत १२.६ चा आकडा क्षणात १० च्या वर कुठेतरी उतरतो, इंजिन पकडताच उसळी घेतो आणि १४ च्या आसपास स्थिरावतो. थकलेल्या बॅटरीत तो ९ च्या, कधी ८ च्या घरात बुडी मारतो. ९.६ व्होल्ट ही रूढ सीमा आहे; गॅरेजमधल्या भार-चाचणीत बॅटरीच्या थंड स्टार्टच्या क्षमतेच्या (पेटीवर CCA म्हणून छापलेल्या अँपिअरच्या आकड्याच्या) निम्मा प्रवाह १५ सेकंद ओढतात आणि २१ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये अशी अपेक्षा असते. डिजिटल मीटर वेगवान घसरण पूर्णपणे टिपत नाही, म्हणून त्याचा किमान आकडा नोंदवण्याचा पर्याय असेल तर तो वापरावा. ही चाचणी करताना बॅटरी किमान पाऊण भरलेली हवी, नाहीतर उतरलेली बॅटरी गेलेली ठरेल आणि सगळा खटाटोप व्यर्थ जाईल.

उतरलेल्या आणि गेलेल्या बॅटरीचा निवाडा करणारी आणखी एक चाचणी आहे आणि तिला फक्त धीर लागतो. बॅटरी गाडीतून सुटी करावी, योग्य चार्जरने पूर्ण चार्ज करावी आणि कशालाही न जोडता बारा ते चोवीस तास ठेवून द्यावी. व्होल्टेज १२.६ वर टिकले तर बॅटरी चार्ज धरून ठेवते. भाराखालीही ती टिकत असेल तर दोष गाडीत शोधावा. काहीही जोडलेले नसताना ते १२.३ किंवा १२.२ वर घसरले, तर वीज आतल्या आत संपते आहे आणि अशी बॅटरी बदलणेच योग्य. जंप स्टार्ट करून, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायरने जोडून गाडी चालू करून, पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवणे हा या चार्जिंगचा पर्याय नव्हे. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला कित्येक तास लागतात आणि इंजिन नुसते चालू असताना अल्टरनेटर कमी वेगाने फिरत असतो.

बॅटरी निर्दोष असूनही गाडी बंद का राहते, याची तीन कारणे वारंवार आढळतात. पहिले म्हणजे टर्मिनल. खांबांवर पांढरट-हिरवट, बुरशीसारखा थर साचला किंवा क्लॅम्प हाताने हलण्याइतका सैल झाला, की तिथेच रोध तयार होतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तारेच्या ब्रशने हा थर घासावा, कोरडे करावे आणि क्लॅम्प घट्ट बसवावा. पुष्कळ ‘गेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यानेच चालू लागतात. दुसरे म्हणजे चार्जिंग. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी हा दाब मुद्दाम कमी-जास्त करतात, त्यामुळे एका आकड्यावरून निकाल देऊ नये. पण तो सतत १३ च्या खाली किंवा १५ च्या वर राहत असेल तर अल्टरनेटर तपासून घ्यावा. जास्त व्होल्टेजमुळे अॅसिडमधले पाणी वायू होऊन उडून जाते, आणि अशा गाडीत नवी बॅटरी बसवली तर तिचेही तेच होते.

तिसरे कारण सापडायला सर्वांत कठीण आहे, ते म्हणजे गाडी उभी असताना होणारी चोरटी गळती. घड्याळ, चोरीची सूचना देणारी यंत्रणा आणि संगणक यांना थोडी वीज लागतेच. २० ते ५० मिलिअँपिअरपर्यंतची मागणी सामान्य मानतात. ५० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असे वाटते, परंतु तीस दिवसांत ते ३६ अँपिअर-तास होतात, आणि लहान गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे महिनाभर उभ्या राहिलेल्या निर्दोष गाडीची निर्दोष बॅटरीही उतरू शकते. त्यात डिकीचा ५ वॅटचा दिवा झाकण लावूनही पेटत राहिला तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास जातात आणि चार-पाच दिवसांत बॅटरी बसते. झाकणाखाली दिवा विझतो की नाही, हे पाहायला फोनचा कॅमेरा चालू करून डिकीत ठेवावा, झाकण मिनिटभर लावावे आणि मग चित्रण पाहावे. इतक्या साध्या तपासाने वाचणाऱ्या बॅटरीवर खर्च होताना पाहिला की वाईट वाटते.

काही लक्षणे दिसली तर मात्र चाचणी करत बसू नये. बॅटरीची पेटी फुगलेली असणे, तिला तडा जाणे, अॅसिड झिरपणे, कुजक्या अंड्यासारखा वास येणे किंवा चार्जिंग करताना ती हात लाववणार नाही इतकी तापणे, यांपैकी काहीही आढळले तर चार्जर बंद करून दूर व्हावे आणि जाणकाराकडून ती बॅटरी काढून घ्यावी. चार्जिंगमध्ये हायड्रोजन वायू निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगीही स्फोटाला पुरते. गोठलेल्या बॅटरीला कधीही जंप स्टार्ट देऊ नये. उतरलेल्या बॅटरीतले अॅसिड पाण्यासारखे पातळ झालेले असल्यामुळे भरलेल्या बॅटरीपेक्षा ती फार लवकर गोठते.

वयाचा विचार शेवटी केला, कारण त्यावरून अंदाज बांधता येतो, निर्णय घेता येत नाही. सामान्य वापरात बॅटरी तीन ते पाच वर्षे चालते. उष्ण हवामानात आणि केवळ छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती लवकर थकते. तीन वर्षे झाली की दरवर्षी थंडीपूर्वी भार-चाचणी करून घ्यावी. काही बॅटऱ्यांवरचा हिरवा ‘डोळा’ सहापैकी एकाच सेलची स्थिती दाखवतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांतही सहसा १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते. विजेच्या गाडीत फिरवायला सेल्फ नसल्यामुळे मंदावलेला आवाज ऐकू येत नाही, आणि ही लहान बॅटरी गेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

बदलायचे ठरलेच तर आकार, टर्मिनलची दिशा, अँपिअर-तास आणि थंड स्टार्टची क्षमता ही चारही वैशिष्ट्ये गाडीच्या पुस्तिकेनुसार जुळवावीत आणि एजीएमच्या जागी एजीएमच बसवावी. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद संगणकात करावी लागते, तीही करून घ्यावी. काढताना ऋण टर्मिनल आधी सोडावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे, म्हणजे धन टर्मिनलवर चालणारा पान्हा गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यातले शिसे विषारी आहे आणि ते पुन्हा वापरातही आणता येते. नवी बॅटरी बसल्यावर ती पूर्ण चार्ज करून, एक रात्र जाऊ देऊन दोन आकडे मोजावेत, एक उभ्या गाडीतला आणि एक स्टार्ट होतानाच्या घसरणीचा, आणि तारखेसह एका चिकटपट्टीवर लिहून ती पट्टी बॅटरीच्या पेटीवरच लावावी. तीन वर्षांनी शंका येईल तेव्हा १०.८ चा आकडा ९.७ वर आला आहे की १०.६ वरच टिकून आहे, हे तिथेच वाचता येईल.